घरातल्या मांजराला मधुमेह झाला तर: इन्सुलिन, आहार आणि रोजची काळजी

‘डॉक्टर, मांजरालाही शुगर होते का हो?’ हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो माझ्याकडे गेली बारा वर्षं मधुमेहासाठी येणाऱ्या एका काकांनी. त्यांच्या नऊ वर्षांच्या बोक्याला पशुवैद्यांनी मधुमेह असल्याचं सांगितलं होतं आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन लिहून दिलं होतं. काका स्वतः इन्सुलिन घेणारे, त्यामुळे इंजेक्शनची भीती नव्हती. निघताना दारातच त्यांनी विचारलं, ‘माझ्याकडच्या सिरिंज वापरल्या तर चालतील ना? सुई बारीकच आहे.’ बाहेर पेशंट थांबले होते. इन्सुलिन कोणतं आहे हे न विचारताच मी मान डोलावली.

चार दिवसांनी सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. बोका कपाटामागे पडला होता, उभं राहता येत नव्हतं, मान लटपटत होती. त्याला अडीचपट इन्सुलिन गेलं होतं. कसं, ते पुढे सांगतो. बोका वाचला, पण तेव्हापासून दारातल्या प्रश्नाला मी दारात उत्तर देत नाही.

मी माणसांचा डॉक्टर आहे. मांजराचं निदान, इन्सुलिनचा प्रकार आणि डोस हे पशुवैद्यच ठरवतील. हा लेख त्यानंतरच्या, म्हणजे घरातल्या काळजीबद्दल आहे. ज्या घरात आधीच कुणाला मधुमेह आहे, त्यांना या आजाराची बरीच माहिती असते. ती माहिती मांजराच्या बाबतीत अर्धी उपयोगी पडते आणि अर्धी दिशाभूल करते. कुठली अर्धी कोणती, हे कळलं पाहिजे.

मांजराला मधुमेह का होतो?

मांजरांमधला मधुमेह बराचसा माणसांच्या टाइप 2 मधुमेहासारखा असतो. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार होतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही आणि हळूहळू ते तयार होण्याचं प्रमाणही घटतं. मध्यम किंवा उतारवयातली, वजन वाढलेली, घरातच राहणारी मांजरं आणि त्यातही नसबंदी केलेले बोके यांना धोका जास्त असतो. खाज किंवा दम्यासाठी दिलेल्या स्टिरॉइड औषधांमुळेही साखर वाढू शकते. मांजराला असं औषध चालू असेल किंवा नुकतंच दिलं असेल, तर ते पशुवैद्यांना आठवणीने सांगा.

एक शंका बऱ्याच जणांच्या मनात असते, म्हणून सांगतो. मधुमेह हा संसर्गजन्य आजार नाही. तुमच्यामुळे मांजराला किंवा मांजरामुळे तुम्हाला तो होत नाही.

घरी कोणती लक्षणं दिसतात?

• पाणी खूप प्यायला लागणं. वाटी वारंवार रिकामी होते, मांजर नळाखाली किंवा बाथरूमच्या बादलीशी दिसतं.
• लघवीचं प्रमाण वाढणं. ट्रेमधले वाळूचे गोळे मोठे होतात किंवा मांजर ट्रेबाहेर लघवी करतं.
• भरपूर खाऊनही वजन कमी होणं. पाठीचा कणा हाताला लागतो.
• उडी मारणं टाळणं. काही मांजरं मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून चालतात. साखर जास्त राहिल्याने नसांवर परिणाम होतो, त्याचं हे लक्षण आहे.
• अंगावरचे केस विस्कटलेले, कोरडे दिसणं.

‘म्हातारं झालंय’ म्हणून ही लक्षणं सोडून देऊ नका. मूत्रपिंडाच्या आणि थायरॉइडच्या आजारातही अशीच लक्षणं दिसतात, त्यामुळे तपासणी करावीच लागते.

फक्त एका रक्ततपासणीवर का थांबत नाहीत?

माणसाची उपाशीपोटी साखर 280 आली तर मला फारशी शंका उरत नाही. मांजराचं तसं नाही. पिंजऱ्यात घालून, रिक्षातून नेऊन, अनोळखी टेबलावर धरलं की निव्वळ भीतीने निरोगी मांजराची साखरसुद्धा 300 च्या आसपास जाऊ शकते. म्हणून पशुवैद्य लघवीतली साखर आणि कीटोन्स तपासतात आणि बऱ्याचदा फ्रुक्टोसामाइन ही रक्ततपासणी सांगतात. मागच्या एक-दोन आठवड्यांत साखर साधारण कशी होती ते त्यातून कळतं. आपल्याकडे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी असते, तिचंच काम इथे ही तपासणी करते. दोन-तीन तपासण्या सांगितल्या म्हणून कुणी पैसे काढतंय असं समजू नका.

इन्सुलिन: सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या

मधुमेह झालेल्या बहुतेक मांजरांना इन्सुलिन लागतं, साधारणपणे दर बारा तासांनी. डोस मात्र अगदी लहान असतो. अनेक मांजरांची सुरुवात एक युनिट किंवा त्याच्या आसपास होते. घरातल्या आजोबांना वीस युनिट चालू असतील तर एका युनिटचा फरक त्यांना फारसा जाणवणार नाही. चार किलोच्या मांजराला एक युनिट जास्त गेलं म्हणजे डोस दुप्पट झाला.

आता काकांच्या घरी काय झालं ते सांगतो. आपल्या देशात इन्सुलिन दोन ताकदींमध्ये सर्रास मिळतं. बाटलीवर ‘40’ लिहिलेलं असेल तर एका मिलीत 40 युनिट असतात. ‘100’ लिहिलेलं असेल तर 100 युनिट असतात. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची नारिंगी टोपणाची. पशुवैद्यांनी बोक्याला ग्लार्जिन हे 100 ताकदीचं इन्सुलिन दिलं होतं आणि सोबत नारिंगी टोपणाच्या सिरिंज. काकांचं स्वतःचं इन्सुलिन 40 चं, सिरिंज लाल टोपणाच्या. बोक्याच्या सिरिंज संपल्या, तेव्हा काकांनी स्वतःची सिरिंज घेतली आणि ‘1’ च्या रेघेपर्यंत औषध भरलं. त्या रेघेपर्यंत 0.025 मिली औषध येतं. 40 च्या इन्सुलिनमध्ये तेवढ्याचं एक युनिट होतं, 100 च्या इन्सुलिनमध्ये अडीच युनिट.

उलट चूकही होते. 40 चं इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये ‘1’ पर्यंत भरलं तर मांजराला अर्ध्याहून कमी, म्हणजे 0.4 युनिट मिळतं. मग साखर उतरत नाही आणि औषधच लागू पडत नाही असं वाटून डोस वाढवला जातो.

म्हणून हे नियम पाळा:

• प्रत्येक वेळी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का ते वाचा. टोपणाच्या रंगावर एकट्यावर विसंबू नका.
• माणसाचं आणि मांजराचं इन्सुलिन फ्रिजमध्ये वेगळ्या डब्यांत ठेवा. मांजराच्या डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहा आणि त्याच्या सिरिंज त्याच डब्यात ठेवा.
• ‘घरात आहेच’ म्हणून स्वतःचं इन्सुलिन मांजराला देऊ नका. प्रकार वेगळा असेल तर त्याचा परिणाम किती वेळ टिकतो तेही वेगळं असतं.
• सिरिंज संपत आल्या की आठवडाभर आधीच आणून ठेवा.

इंजेक्शन कसं द्यायचं?

पहिलं इंजेक्शन पशुवैद्यांसमोर स्वतःच्या हाताने द्या. फक्त बघून घरी येऊ नका. घरी गेल्यावर क्रम असा ठेवा.

1. आधी खायला द्या आणि मांजर खातंय याची खात्री करा.
2. बाटलीतलं औषध हळूच फिरवायचं, हलवायचं की तसंच वापरायचं, हे त्या इन्सुलिनच्या प्रकारावर अवलंबून असतं. पशुवैद्यांनी सांगितलं तसंच करा.
3. सिरिंज डोळ्यांसमोर धरून डोस भरा. हवेचा बुडबुडा काढून टाका. इतक्या छोट्या डोसमध्ये बुडबुडाही बरीच जागा घेतो. वयामुळे रेघा दिसत नसतील तर भिंग वापरा किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा.
4. छातीच्या किंवा पोटाच्या बाजूची सैल कातडी चिमटीत धरा, तयार झालेल्या घडीत सुई घाला आणि दट्ट्या दाबा. जागा रोज थोडी बदला.
5. बोटांना ओलं लागतंय का ते पाहा. कातडीच्या आरपार जाऊन औषध केसांत सांडू शकतं.

औषध सांडलं, किती गेलं ते कळलं नाही, तर पुन्हा इंजेक्शन देऊ नका. पुढच्या वेळेपर्यंत थांबा. एक डोस चुकल्याने साखर काही तास जास्त राहील. दुसरा डोस दिला आणि पहिलाही पूर्ण गेलेला असेल, तर जिवावर बेतू शकतं.

तशीच दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोघांनी दिलेला एकच डोस. सकाळी आईने दिलेलं असतं आणि ते माहीत नसलेला मुलगा पुन्हा देतो. यावर सोपा उपाय आहे. फ्रिजच्या दारावर कॅलेंडर लावा आणि इंजेक्शन दिल्याबरोबर खूण करा. खूण नसेल आणि घरात विचारूनही खात्री होत नसेल, तर डोस देऊ नका.

वापरलेल्या सुया घरच्या कचऱ्यात टाकू नका. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात जमा करा आणि दवाखान्यात नेऊन द्या. इन्सुलिन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वापरू नका.

साखर कमी झाली तर

घरच्या उपचारातला सगळ्यात तातडीचा धोका हा आहे. साखर काही दिवस जास्त राहिली तर उपचाराला वेळ मिळतो. ती फार कमी झाली तर काही मिनिटांत मेंदूवर परिणाम होऊ शकतो. आपल्याला घाम फुटतो, हात थरथरतात, ‘मला कसंतरी होतंय’ असं आपण सांगतो. मांजर सांगत नाही, उलट ते लपून बसतं. म्हणून ही लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत: अचानक सुस्त किंवा बावरलेलं दिसणं, झोकांड्या खात चालणं, अधाशासारखं खायला मागणं, अंग थरथरणं, झटके येणं, शुद्ध हरपणं.

मांजर शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच त्याचं नेहमीचं खाणं द्या. खात नसेल तर बोटावर मध किंवा ग्लुकोज पावडरचं घट्ट पाणी घेऊन हिरड्यांना चोळा. झटका आलेला असेल किंवा शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. दातांमध्ये बोट न घालता फक्त ओठाच्या आतून हिरडीला मध लावा आणि लगेच पशुवैद्यांकडे निघा. मांजर सावरल्यासारखं दिसलं तरी फोन करा, कारण इन्सुलिनचा परिणाम अजून काही तास चालू असतो. पुढचं इंजेक्शन त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.

काकांच्या मुलीने फोनवर बोलता बोलता मधाची बाटली शोधली आणि हिरड्यांना मध लावत बोक्याला दवाखान्यात नेलं. मध घरात होता, म्हणून वेळ मिळाला. तुमच्याही घरात तो इन्सुलिनच्या डब्याजवळच ठेवा.

आहार: इथे आपले नियम लावू नका

मांजर मूळचं मांसाहारी आहे. पिठूळ पदार्थ पचवून त्यातली साखर वापरण्याची त्याची क्षमता कमी असते. दूध-पोळी, दूध-भात आणि दिवसभर भरून ठेवलेली कोरड्या दाण्यांची वाटी, या आपल्याकडच्या सवयी मधुमेही मांजराला सोसत नाहीत. जास्त प्रथिनं आणि कमी कर्बोदकं असलेलं ओलं खाद्य त्याला चांगलं. मात्र इन्सुलिन चालू असताना आहार अचानक बदलला तर साखर झपाट्याने उतरू शकते. म्हणून बदल पशुवैद्यांना सांगून, हळूहळू करा.

फक्त उकडलेलं चिकन हा पूर्ण आहार नाही. त्यात कॅल्शियम आणि इतर आवश्यक घटक पुरेसे नसतात. आपल्या रश्श्यातले तुकडे तर नकोच, कांदा आणि लसूण मांजराला विषारी आहेत.

मांजराला कधीही उपाशी ठेवू नका. जाड मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साठून गंभीर आजार होऊ शकतो. वजन उतरवायचं असेल तर आठवड्याला अर्धा ते एक टक्का पुरे. सहा किलोच्या बोक्यासाठी हे 30 ते 60 ग्रॅम होतात. पाणी मात्र कधीही तोडू नका. जास्त लघवी होते म्हणून पाणी कमी केलं तर मांजर कोरडं पडेल.

घरातल्या गोळ्या आणि घरगुती उपाय

मेटफॉर्मिन मांजराला उपयोगी पडत नाही, उलट उलट्या होऊन खाणं बंद होतं. डापाग्लिफ्लोझिनसारख्या ज्या गोळ्या आपण घेतो, त्या गटातलं बेक्साग्लिफ्लोझिन हे औषध मांजरांसाठी अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये मंजूर झालं. पण ते निवडक मांजरांसाठीच आहे. आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांना ते देत नाहीत, कारण साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठून जिवाला धोका होऊ शकतो. तुमच्या डब्यातली गोळी तोडून देण्याचा विचारही करू नका. मेथी, कारलं, जांभळाच्या बियांची पूड यांच्या नादात आठवडे घालवू नका. आणि मांजर मलूल आहे म्हणून पॅरासिटामॉल तर चुकूनही नको. एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

घरी साखर तपासावी का?

जमलं तर जरूर तपासा. कानाच्या कडेला बारीक सुई टोचून रक्ताचा थेंब मिळतो आणि बहुतेक मांजरं पंधरा दिवसांत त्याला सरावतात. घरात मांजर घाबरलेलं नसतं, त्यामुळे हे आकडे दवाखान्यातल्या आकड्यांपेक्षा जास्त विश्वासाचे असतात. फक्त एक लक्षात ठेवा. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा प्रत्यक्षाहून कमी दाखवतो. कोणतं यंत्र वापरता ते पशुवैद्यांना सांगा आणि दर वेळी तेच वापरा. आकडा पाहून स्वतः डोस बदलू नका.

तपासणी जमत नसेल तर वही ठेवा. रोज किती खाल्लं, मोजून ठेवलेल्या पाण्यातलं किती प्यायलं, लघवीचे गोळे किती, डोस किती वाजता दिला आणि आठवड्यातून एकदा वजन. वजन करायला आधी मांजराला घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. अशी वही समोर असली की डॉक्टरला, माणसांच्या असो वा मांजरांच्या, निम्मं उत्तर मिळालेलं असतं.

इन्सुलिन बंद होऊ शकतं का?

काही मांजरांमध्ये, विशेषतः उपचार लवकर सुरू झाले आणि आहार बदलला तर, काही महिन्यांत साखर इन्सुलिनशिवाय आटोक्यात राहू लागते. ही आनंदाची गोष्ट आहे, पण तिच्यात धोकाही आहे. गरज कमी झाली आणि आपण जुनाच डोस देत राहिलो, तर तोच डोस जास्त ठरतो. पाणी पिणं पूर्ववत झालं, वजन भरलं, मांजर पुन्हा उड्या मारायला लागलं, की फेरतपासणी पुढे ढकलू नका. त्याच वेळी तिची सर्वांत जास्त गरज असते.

लगेच पशुवैद्यांकडे कधी जावं?

• वर सांगितलेली साखर कमी झाल्याची लक्षणं दिसली तर.
• मांजराने खाणं सोडलं तर. अशा वेळी नेहमीचा पूर्ण डोस परस्पर देऊ नका, आधी फोन करून विचारा.
• उलट्या, खूप मरगळ, जोरात श्वास, तोंडाला वेगळाच गोडसर वास आला तर. रक्तात कीटोन्स वाढल्याची ही लक्षणं असू शकतात.
• चुकून दोन डोस किंवा जास्त डोस गेला तर. लक्षणं दिसण्याची वाट पाहू नका.

रात्री कुठे न्यायचं ते आजच ठरवून नंबर फ्रिजवर लावा. जवळ मांजरांचे डॉक्टर नसतील तर मुंबईतलं परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथल्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत चौकशी करा. गणपतीला, लग्नाला गावी जायचं असेल तर इन्सुलिन कोण देणार ते आधी ठरवा आणि त्या व्यक्तीकडून तुमच्या समोर दोन-तीनदा देऊन घ्या.

काकांच्या घरी आता फ्रिजमध्ये दोन डबे आहेत. एक निळा, एक पिवळा. पिवळ्या डब्यावर बोक्याचं नाव आहे आणि आत झाकणाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर ‘100 ची बाटली, 100 ची सिरिंज’ असं लिहिलंय. तुमच्या घरीही अशी चिठ्ठी आजच लावा.

हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या मांजराचं निदान, डोस आणि आहार यांबाबत पशुवैद्यांचा सल्लाच अंतिम माना.